आप्पांची खिडकी : मे महिन्याचं तिकीट जानेवारीत?

(भुसावळला रेल्वेच्या आरक्षण खिडकीमागे ३१ वर्षं काढलेले आप्पा वाचकांच्या प्रवासाच्या शंकांना उत्तरं देतात.)

प्रश्न : आप्पा, आमच्या भिशीतल्या आठ जणी मे महिन्यात केदारनाथला निघालो आहोत. फेसबुकवर जाहिरात दिसली म्हणून फोन केला. माणूस फार गोड बोलतो, सगळ्यांना 'माताजी' म्हणतो. भुसावळ ते हरिद्वार गाडी, हॉटेल, हेलिकॉप्टर धरून माणशी २१,५०० सांगितले. आधारकार्डांचे फोटो आणि २४,००० ॲडव्हान्स घेतला, आणि १२ मेच्या गाडीची कन्फर्म अन् हेलिकॉप्टरची तिकिटं व्हॉट्सॲपवर पाठवलीसुद्धा. आता म्हणतो, आणखी ३०,००० संध्याकाळपर्यंत भरा, नाहीतर सीट जातील. मिस्टर म्हणतात, थांब. काय करू?
— एक भगिनी, रावेर तालुका

उत्तर : ताई, तुमचा मेल जानेवारीच्या शेवटी आला आणि अंक निघायची वाट न बघता मी तुम्हाला फोन केला. मिस्टरांचं ऐकलंत, बरं झालं. फोनवर घाईत बोललो ते आता सगळ्यांसाठी नीट लिहितो.

आधी गाडीचं तिकीट, कारण ते माझ्या घरचं. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. त्याआधी १२० दिवस होते, लोकांच्या डोक्यात अजून तेच आहे. म्हणजे १२ मेच्या गाडीचं कन्फर्म तिकीट जानेवारीत मलाही काढता आलं नसतं, आणि मी खिडकीच्या आत बसायचो! कोणी अख्खा डबाच आरक्षित केला असेल तर गोष्ट वेगळी, पण आठ जणींसाठी डबा कोण घेतं? तिकिटावरचा दहा आकडी पीएनआर १३९ला फोन करून तपासायला दोन मिनिटं लागतात. तुम्ही तपासलात तेव्हा तो पीएनआर सापडलाच नाही.

आता हेलिकॉप्टर. केदारनाथची तिकिटं आयआरसीटीसीच्या हेलियात्रा या संकेतस्थळावरच मिळतात, आणि त्याआधी उत्तराखंड सरकारकडे यात्रेची नोंदणी करावी लागते. तुमच्या माणसानं आठ आधारकार्डं मागितली, पण नोंदणी क्रमांक एकदाही मागितला नाही. तिथंच पाणी मुरत होतं. आणि गंमत बघा, केदारनाथचं दार कधी उघडणार ती तारीख देवाची हिवाळी गादी असते त्या ऊखीमठला महाशिवरात्रीला जाहीर होते. महाशिवरात्र तेव्हा यायची होती. देवाचं दार कधी उघडणार हे पुजाऱ्यांनी सांगायच्या आत यानं तुमच्या सीटा पक्क्या केल्या!

पावतीवरचा जीएसटी क्रमांक मी बोटानं मोजला. चौदा अक्षरं. खरा पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे : २७ महाराष्ट्र, ०५ उत्तराखंड. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकला की कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. अर्थात चोर दुसऱ्याचा खरा क्रमांकही छापू शकतो, म्हणून तिथं निघालेलं नाव आणि पैसे जातात ते नाव जुळतंय का, हे बघायचं.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. तीन वर्षांपूर्वी जगन्नाथपुरीला जायचं होतं. मोबाइलवर शोधलं तर भक्तनिवासाच्या नावाचं एक पान सगळ्यात वर आलं, मंदिराचा फोटो, खाली फोन नंबर. दोन खोल्यांचे ६,४०० रुपये. पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर नाव आलं, कुठल्याशा ट्रेडर्सचं. मी ते वाचलं. खरंच वाचलं, चष्मा लावून. भक्तनिवासाचे पैसे ट्रेडर्सकडे कशाला, असं मनात आलंही. पण मंडळी स्वयंपाकघरातून ओरडत होती, 'अहो, खोल्या जातील, टाका लवकर.' टाकले. पुरीला पोचल्यावर रजिस्टरमध्ये आमचं नाव नाही. लोकांचा फॉर्म एका अक्षरासाठी परत करणारा मी, बॅग घेऊन पायरीवर बसलेलो.

पुढचा डाव त्याहून हुशार होता. मी रागावून फोन केला तर तो म्हणाला, 'काका, रिफंड देतो, क्यूआर पाठवलाय, स्कॅन करून पिन टाका.' तेवढं मात्र टळलं. यूपीआयचा पिन पैसे पाठवायला लागतो, घ्यायला लागत नाही. तुमचा माणूसही तुम्ही नकार दिलात की हेच करील, किंवा 'रिफंड सोडवायला आधी टॅक्स भरा' म्हणेल.

'मी माझ्या हातानं पाठवले, आता कसली तक्रार,' असं तुम्ही फोनवर म्हणालात. तक्रार होते. १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर. व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक, वेळ, समोरच्याचा यूपीआय आयडी जवळ ठेवून फोन करायचा. पैसे ज्या खात्यात गेले तिथं किंवा पुढच्या खात्यात शिल्लक असतील तर अडवता येतात, म्हणून तास महत्त्वाचे. चॅट पुसू नका, लाज वाटली तरी. तुमची तक्रार नोंदली गेली, पैसे अजून आलेले नाहीत. आले तर कळवा, छापीन.

प्रश्न : धुळ्यात पेट्रोल पंपावर कूपन भरलं होतं. तीन रात्री चार दिवस फुकट सहल लागली म्हणे. नाशिकच्या हॉटेलात जोडीनं बोलावलंय. जावं का?
— नवविवाहित, धुळे

उत्तर : जेवायला जायचं असेल तर जा, कार्ड घरी ठेवून. तिथं दोन-तीन तास बसवून काही वर्षांची क्लबची मेंबरशिप गळ्यात मारतात आणि 'आजच सही केली तर' असं म्हणतात. सही झालीच असेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर बोला. तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही दाद मागता येते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षं.

प्रश्न : तोरणमाळला इन्स्टाग्रामवर एक रिसॉर्ट स्वस्तात दिसतंय. खरं कसं ओळखावं?
— शहादा

उत्तर : भाऊ, तुम्ही शहाद्याचे आणि मला विचारता? फोन लावा आणि सरळ अहिराणीत विचारा, 'तुम्हनं हॉटेल कथं शे?' यशवंत तलावाच्या कोणत्या अंगाला, सीताखाईकडे जायला किती वेळ, लाइट गेली तर काय. मग म्हणा, व्हिडिओ कॉल करून खिडकीतून बाहेरचं दाखव. आतली खोली कुठलीही दाखवता येते. तरी शंका राहिली तर ॲडव्हान्स देऊच नका, आडवारी गाडी काढा आणि खोली बघून पैसे द्या. शनिवार-रविवार सोडला तर तिथं खोलीसाठी रांग लागत नाही.