धान्य नेतात, प्रार्थनेला थांबत नाहीत

प्रश्न : आमच्या ख्रिस्ती मंडळीचा तरुण संघ दोन वर्षांपासून भुसावळच्या एका झोपडपट्टीत जातो. महिन्याच्या पहिल्या रविवारी चाळीस घरांना गहू, तांदूळ, तेल देतो. मग समाजमंदिराच्या ओट्यावर गाणी आणि प्रार्थना. पिशवी घ्यायला सगळे येतात, प्रार्थनेला चार-पाच बायाच थांबतात. संघातले काही जण म्हणतात, आधी प्रार्थना घ्या, मग पिशवी द्या. वस्तीतली पोरं म्हणायला लागलीत की आम्ही धान्य देऊन बाटवायला येतो. वाटप बंद करावं का?
– एक तरुण, भुसावळ

उत्तर : क्रम बदलू नका. आधी प्रार्थना, मग पिशवी असं केलंत तर त्या पोरांचं म्हणणं तुम्हीच खरं कराल.

हे मी स्वतः केलेलं आहे, म्हणून सांगते. नर्सची नोकरी सांभाळून मी धुळ्यात पांझरेकाठच्या वस्तीत शब्बाथशाळा, म्हणजे मुलांचा रविवारचा धर्मवर्ग, घ्यायचे. बायबलमधलं वचन पाठ म्हणून दाखवलं की दुधाच्या पावडरीचं पुडकं, असा माझा नियम होता. एका रविवारी आठेक वर्षांच्या मुलीनं वचन म्हटलं, पुडकं घेतलं आणि पुन्हा रांगेत येऊन उभी राहिली. भाऊ तापानं पडलाय, त्याचं वचन मी म्हणते, म्हणाली. म्हटलंही, एक शब्द न चुकता. मी म्हणाले, ज्यानं त्यानं स्वतः यायचं. ती काही न बोलता गेली.

संध्याकाळी मला जेवण गेलं नाही. पुडकं घेऊन त्यांच्या घरी गेले, तर पोराला तीन आठवड्यांपासून ताप होता. पुढे क्षय निघाला. सरकारी दवाखान्यात सहा महिन्यांची औषधं फुकट मिळतात, ती त्यानं पुरी केली, बरा झाला. पण त्या घरापासून वीस पावलांवर मी दर रविवारी गाणी शिकवत होते, आणि नर्स असून मला त्याचा पत्ता नव्हता. दारात आले तेव्हा त्याच्या आईनं विचारलं, “माय, आज काय वाटाले उनात?” म्हणजे, आज काय वाटायला आलात? माझी तिथली ओळख तेवढीच होती.

प्रभू येशूनं दहा कुष्ठरोग्यांना बरं केलं, तेव्हा एकच परत आला. नऊ कुठे आहेत, असं त्यानं विचारलं खरं. पण न आलेल्या नवांचा रोग परत आला असं लूकानं आपल्या शुभवर्तमानात कुठेही लिहिलेलं नाही. तुमच्या ओट्यावर चाळिसांतून चार-पाच थांबतात, म्हणजे दहात एक. हे प्रमाण वाईट नाही.

आणि भाकरीसाठी येणाऱ्यांना हिणवू नका. माझी आजी सात-आठ वर्षांची असताना, 1899-1900 च्या दुष्काळात, मिशनच्या अनाथाश्रमात आली ती पोटासाठीच. खानदेशातल्या आपल्या मंडळ्यांतून अशी घराणी पुष्कळ आहेत. आजी म्हणायची, मला कोणी विचारलं नाही तू कोणाची, आधी पेज दिली. ती पुढे राहिली, ती त्या न विचारण्यामुळे, असं मला वाटतं.

आता पिशवीचं. वाटप बंद करा असं मी म्हणत नाही, पण पिशवीपेक्षा मोठं काम तुमच्या हातात आहे. वस्तीत सातपुड्यातून मजुरीला आलेली पावरा आदिवासी कुटुंबं असतील, तर त्यांची रेशनकार्डं नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडची असतील. इथे त्यांचा उपयोग नाही असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर महिन्याला माणशी 5 किलो धान्य, अंत्योदय कार्डावर कुटुंबाला 35 किलो, आणि 2023 पासून ते फुकट आहे. आधार जोडलेलं असेल तर दुसऱ्या गावच्या रेशन दुकानातही अंगठा लावून घेता येतं. पाच माणसांच्या घराला 25 किलो, तेही दर महिन्याला आणि हक्काचं. तुमच्या पिशवीत किती असतं? कोणाचं ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) राहिलंय, कोणत्या बाळाचं नाव चढलेलं नाही, हे घरोघर बसून लिहून घ्या आणि त्यांच्यासोबत दुकानात, तहसीलला जा. एक दिवसाची मजुरी बुडते म्हणून ही माणसं जात नाहीत. तुमच्यातला कॉलेजचा मुलगा जाऊ शकतो.

शाळेचंही तसंच. जन्माचा दाखला नाही म्हणून मूल परत पाठवलं असेल तर 2009 चा शिक्षण हक्क कायदा दाखवा. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही.

प्रार्थना वेगळ्या दिवशी ठेवा, पिशवीच्या दिवशी नको. त्या चार-पाच बायांना विचारा. त्यांच्यातली एखादी आपल्या घरात बोलावील, तिथे बसा. ओट्यावरचा लाऊडस्पीकर बंद करा. पिशवी घेणाऱ्यांचे फोटो काढत असाल तर तेही आजपासून थांबवा; कोणाच्याही आईला रांगेत उभं असलेलं तिच्या पोरांनी मोबाईलवर पाहू नये.

त्या बोलणाऱ्या पोरांना टाळू नका. रेशनकार्डांची यादी करायला त्यांनाच सोबत घ्या, कोणतं घर कोणाचं हे त्यांना पाठ असतं. भर दुपारी जाऊ नका, माणसं कामावर असतात. रात्री आठनंतर जा, आणि पहिल्या खेपेला हात रिकामे ठेवा.