अकरा नाइट्स आणि एक पदक

प्रश्न : मॅडम, मी नुकतीच भूलशास्त्राची विशेषज्ञ परीक्षा पास झाले. माझ्या बॅचमेटला सुवर्णपदक मिळालं. मी दुसरी आले, त्याच्याहून 2 गुण कमी. परीक्षेआधीच्या दोन महिन्यांत त्याच्या 11 नाइट्स, म्हणजे रात्रीच्या ड्युट्या, मी केल्या. तो मागायचा, मी हो म्हणायचे. परतफेड म्हणून त्याने माझ्या तीनच केल्या. निकालानंतर सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं, मीही केलं, आणि घरी येऊन रडले. फेरतपासणीचा अर्ज करू का? की मीच कोत्या मनाची आहे?
– एक नवी भूलतज्ज्ञ

उत्तर : तू कोत्या मनाची नाहीस. ज्या माणसाने 11 हा आकडा मनात जपून ठेवला आणि तरी समोर जाऊन अभिनंदन केलं, त्याचं मन कोतं कसं असेल? रडलीस ते बरंच झालं.

आधी अर्जाचं सांगते. बेरीज चुकली असेल, एखादं उत्तर तपासायचं राहिलं असेल, अशी खरी शंका असेल तर नियमाप्रमाणे अर्ज कर. त्यात लाजायचं काही नाही. पण तुझ्या पत्रात तशी शंका मला कुठे दिसली नाही. तुला गुण परत नको आहेत, त्या 11 रात्री कुणीतरी मोजायला हव्या आहेत. ते काम फेरतपासणी करणार नाही.

त्या 2 गुणांबद्दल मात्र बोलते, कारण वीसेक वर्षं मी टेबलाच्या पलीकडे परीक्षक म्हणून बसले आहे. विशेषज्ञ परीक्षा मुळात एकाच कामासाठी घडवलेली असते : हा डॉक्टर उद्यापासून स्वतःच्या जबाबदारीवर रुग्ण हाताळू शकेल का, एवढी रेघ ओढायला. ती रेघ ओढायची एक पद्धत विल्यम अँगॉफ यांच्या नावाने ओळखली जाते, 1971 पासून. परीक्षक एक जेमतेम काठावरचा उमेदवार डोळ्यांसमोर आणतात आणि प्रत्येक प्रश्नाला स्वतःलाच विचारतात : असे 100 जण असतील तर कितीजणांना हे येईल? त्या अंदाजांच्या सरासरीवरून पास होण्याची पातळी ठरते. सगळी मेहनत त्या रेघेच्या आसपास जाते. पहिला कोण आणि दुसरा कोण, हे नेमकं निवडायला लागतात तसे अवघड प्रश्न पेपरात मूठभरच असतात. म्हणजे काठावरच्याला ही परीक्षा नीट मोजते, आणि तुम्हा दोघांना अंदाजाने.

व्हायवाची तर गोष्टच वेगळी. एका वर्षी मी आणि माझे सहपरीक्षक एकाच मुलाची तोंडी परीक्षा घेत होतो. विषय होता मेलिग्नंट हायपरथर्मिया. भूल दिल्यावर रुग्णाचा कार्बन डायऑक्साइड चढत जातो, अंग ताठरतं, ताप भराभर वाढतो, आणि डॅन्ट्रोलीन हे औषध वेळेत दिलं नाही तर माणूस हातचा जातो. मुलगा पहिलं वाक्य बोलला, ‘‘मी मदतीला माणसं बोलावीन.’’ मग भुलेचा वायू बंद करणं, मग डॅन्ट्रोलीन, 2.5 मिलिग्रॅम दर किलोला. सगळं बरोबर. मी त्या पहिल्या वाक्याला भरभरून गुण दिले, कारण डॅन्ट्रोलीनच्या कुप्या एकट्याने विरघळवत बसणं काय असतं ते मला माहीत होतं. सहपरीक्षकांना वाटलं, मात्रा सांगायला याने उशीर केला. आमच्या दोघांच्या गुणांत 3 चा फरक पडला. सरासरी काढली आणि पुढच्या मुलाला आत बोलावलं. त्या वर्षी पदक दीड गुणाने ठरलं होतं.

हा नशिबाचा भाग कमी व्हावा म्हणून स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी 1975 मध्ये ओस्की ही प्रात्यक्षिक परीक्षेची पद्धत मांडली : सगळ्यांना तीच स्टेशनं, तेवढाच वेळ, आधी ठरवलेली गुणांची यादी. त्याने खूप फरक पडला. पण 2 गुण म्हणजे 2 गुणांचं ज्ञान, असं कुठलीही परीक्षा छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

आता रात्रींबद्दल. जागरणाचा परिणाम तुझ्या मनाचा खेळ नाही. ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी 1997 साली दाखवलं की सलग 17 तास जागं राहिलेल्या माणसाचे हात-डोळे रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असल्यासारखे चालतात, आणि 24 तासांनंतर 0.10 टक्के असल्यासारखे. तू अशा रात्रींनंतर दुपारी पुस्तक उघडून बसायचीस. त्याच दिवशी तो झोप पूर्ण करून बसायचा. तो तुझ्या मदतीशिवायही पहिला आला असता का? आलाही असता. ते आता कुणालाच कळणार नाही, म्हणून त्या प्रश्नापाशी थांबू नकोस.

मी हे इतक्या खात्रीने बोलते कारण त्या मुलाच्या जागी मी होते. माझ्या विशेषज्ञ परीक्षेत मी पहिली आले, आणि माझ्या 14 नाइट्स माझ्या बॅचमेटने केल्या होत्या. ती त्या खेपेला नापास झाली, सहा महिन्यांनी पास झाली. पदक घेताना मी शिक्षकांचे आभार मानले, आईवडिलांचे मानले, वाचनालय उशिरापर्यंत उघडं ठेवणाऱ्या शिपायांचेही मानले. तिचं नाव घेतलं नाही. विसरले नव्हते. घेतलं तर पदक थोडं कमी माझं होईल, अशी भीती वाटली होती. ती चौथ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. मी तिला पत्र लिहिलं ते नऊ वर्षांनी. तिचं उत्तर चार ओळींचं होतं. त्यातली एक ओळ अजून तशीच्या तशी आठवते : ‘‘नाइट्सचं काही नाही गं, तू मागितल्यास आणि मी हो म्हटलं, पण एकदा तरी विचारायचंस, तुझं वाचून झालंय का.’’

म्हणून सांगते, त्या मुलाशी बोल. नऊ वर्षं थांबू नकोस, त्यालाही थांबू देऊ नकोस. भांडायला जाऊ नकोस आणि हसत हसत टोमणाही मारू नकोस. सरळ सांग, ‘‘तुझ्या 11 नाइट्स मी केल्या, तीनच परत मिळाल्या, आणि मला त्याचं वाईट वाटलंय.’’ एवढंच. पुढचं त्याच्यावर सोड. तो चांगला असेल तर त्याला हे ऐकायची गरज आहे, आणि तसा नसेल तर पुढची 30 वर्षं त्याच शहरात, कदाचित त्याच थिएटरमध्ये काम करताना तुला ते ठाऊक असलेलं बरं.

आणि एक. 11 वेळा हो म्हणताना एकदाही नाही म्हणावंसं वाटलं नाही का? वाटलं असेल तर का म्हटलं नाहीस, याचा विचार कर. भूलतज्ज्ञाला नाही म्हणता यावंच लागतं. रुग्ण उपाशी नसेल, तपासण्या अपुऱ्या असतील आणि सर्जन घाई करत असेल, तेव्हा ते नाही तुझ्याच तोंडून यावं लागणार आहे.

प्रश्न : माझ्या पत्नीचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं आहे. दोन सर्जनची नावं सुचवली गेली. एकांच्या पाटीवर ‘सुवर्णपदक विजेते’ असं आहे. त्यांच्याकडे जावं का?
– एक वाचक

उत्तर : परीक्षेतले गुण आणि रुग्णांचं भलं यांचा काही संबंध नसतो, असं पुष्कळ लोक म्हणतात. मीही पूर्वी म्हणायचे. ते खरं नाही. अमेरिकेत रुग्णालयात काम करणाऱ्या सुमारे 7 हजार नव्या फिजिशियनचा अभ्यास 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी पाहिलेल्या ज्येष्ठ रुग्णांच्या भरत्या साडेचार लाखांच्या वर होत्या. विशेषज्ञ परीक्षेत वरच्या पाव भागात आलेल्या डॉक्टरांच्या रुग्णांत, दाखल झाल्यापासून 7 दिवसांत मृत्यूचं प्रमाण तळाच्या पाव भागातल्या डॉक्टरांच्या रुग्णांपेक्षा 8 टक्क्यांनी कमी निघालं. प्रशिक्षण देणाऱ्या विभागांनी दिलेल्या शेऱ्यांशी मात्र असा संबंध सापडला नाही. माझ्यासारख्या शेरे लिहिणाऱ्यांना हे वाचून बराच वेळ गप्प बसावं लागलं. वाचलेलं कामी येतं, रात्री तीन वाजता येतं.

पण नीट पाहा : हा फरक वरचा पाव आणि तळाचा पाव यांच्यातला आहे. पहिला आणि पाचवा यांच्यातला नाही. शिवाय तो फिजिशियनचा आहे, सर्जनच्या हातांचा नाही. कॅनडात 3,424 डॉक्टरांचा एक अभ्यास 2007 मध्ये आला होता. रुग्णाशी बोलण्याच्या परीक्षेत ज्यांना कमी गुण होते, त्यांच्याविरुद्ध पुढे वैद्यकीय नियामकांकडे तक्रारी जास्त गेल्या. पाटीवर त्या गुणांचा उल्लेख नसतो.

तेव्हा पदक कशाचं ते खुशाल विचारा. एमबीबीएसच्या एखाद्या विषयातलं आणि शस्त्रक्रियेच्या अंतिम परीक्षेतलं, यांत फार अंतर आहे. आणि दोन्ही सर्जनना हे तीन प्रश्न विचारा : हे ऑपरेशन तुम्ही वर्षाला किती करता? दुर्बिणीतून सुरू केलेलं पोट उघडून करावं लागलं, असं कितीदा होतं? ऑपरेशननंतर रात्री दुखलं तर येऊन पाहणार कोण? जो शांतपणे, आकडे सांगून उत्तर देईल, त्याच्याकडे जा. आणि भूल कोण देणार हेही विचारा. ते कुणी विचारतच नाही.

प्रश्न : मी एका प्रशिक्षण विभागाची प्रमुख आहे. आमच्या निवृत्त सरांच्या नावाने परीक्षेत पहिल्या येणाऱ्या रेसिडेंटला पदक सुरू करायचं आहे. काय काळजी घ्यावी?

उत्तर : सुरू करा. शिक्षकाचं नाव पदकावर राहावं ही जुनी, चांगली रीत आहे. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या भूलतज्ज्ञांच्या कॉलेजात अंतिम परीक्षेत पहिल्या येणाऱ्याला सेसिल ग्रे पारितोषिक मिळतं. 1946 साली लिव्हरपूलमध्ये ग्रे आणि हॅल्टन यांनी हजाराहून जास्त रुग्णांवर क्युरारे वापरून दाखवलं, आणि खोल भुलेऐवजी हलकी भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध ही वाट मोकळी झाली. मी आयुष्यभर त्याच वाटेने भूल दिली. त्या नावाचं पारितोषिक ज्याला मिळतं त्याचा मला मनापासून हेवा वाटतो.

माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, पदक दरवर्षी दिलंच पाहिजे असा नियम करू नका. ठरावीक पातळी कुणी गाठली नाही, तर त्या वर्षी देऊ नका. म्हणजे मिळेल तेव्हा त्याला वजन येईल. दुसरी, पदक एकच असू दे, पण पातळीच्या वर आलेल्या प्रत्येकाला गुणवत्ता प्रमाणपत्र द्या. वर 2 गुणांनी रडणारी मुलगी तुम्ही वाचलीत. तिच्या हातात काहीच नव्हतं. आणि त्या पदकावर पुढची नोकरी किंवा फेलोशिप ठरवू नका. अमेरिकेत परवान्याच्या परीक्षेच्या पहिल्या टप्प्याचे गुण रेसिडेंट निवडायला वापरले जाऊ लागले, ज्यासाठी ती परीक्षा कधी बनवलीच नव्हती. शेवटी 2022 पासून तिथे फक्त पास-नापास सांगतात.

तिसरी सूचना मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. परीक्षेआधीच्या आठ आठवड्यांचं ड्युटी रोस्टर तुम्ही स्वतः काढा, बॅचमेटवर सोडू नका. परीक्षेला बसणाऱ्या सगळ्यांना नाइट्स सारख्या द्या, आणि उरलेल्या ज्युनियर व कन्सल्टंटनी वाटून घ्याव्यात. अदलाबदल झाली तर ती रजिस्टरमध्ये दोघांच्या सहीने लिहिली जाऊ दे. आणि निकाल लागला की पदकाच्या नोटिशीशेजारी ते रोस्टरही लावा, अदलाबदलींसकट.