अण्णांचा संप आणि आक्काची शाळा

पत्र: माझे वडील, अण्णा, परळच्या एका कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. 1982 च्या संपात ते शेवटपर्यंत फुटले नाहीत. मुकादम दोनदा खोलीवर बोलवायला आला, तरी गेले नाहीत. पुढं वॉचमनची नोकरी केली. आई खानावळ चालवायची. संपकऱ्यांचं जेवण बंद करायचं नाही, असा अण्णांचा शब्द होता. त्यातले बरेच गडी गावाला गेले आणि उधारी बुडाली. आईची बोरमाळ गेली. आक्का नववीत शाळा सोडून चपात्या लाटायला बसली. मी आठ वर्षांचा होतो. शिकलो, बँकेत लागलो. पुढच्या महिन्यात अण्णांचं वर्षश्राद्ध आहे. नातेवाईक पुस्तिका काढताहेत आणि 'अण्णांचे संस्कार' हा लेख माझ्याकडं आहे. आक्काला सांगितलं तर म्हणाली, "लिही, पण मला वाचायला देऊ नकोस." तेव्हापासून एक ओळ लिहवत नाही. अण्णा शेवटी शेवटी तिच्याकडं जेवायला गेले की आपलं ताट स्वतः घासायचे. आमच्या घरी कधी नाही. असं कितीतरी आठवतं, पण लिहू काय? आक्का फार साधी आहे. म्हाडाच्या गिरणी कामगारांच्या घरासाठी वारस म्हणून माझं नाव लावलं, तिनं बिनतक्रार सही दिली.

प्रिय भाऊ,

आक्कांनी तुम्हाला लिहू नकोस म्हटलेलं नाही. लेखात काय येणार हे त्यांना आधीच ठाऊक आहे, म्हणून त्यांना तो वाचायचा नाही. चाळीस वर्षं त्या तेच ऐकत आल्या असतील.

आधी अण्णांबद्दल बोलते, कारण त्यांच्यावर अन्याय व्हायला नको. संप बुडाला हे आज आपल्याला माहीत आहे, म्हणून त्यांचा ताठा आपल्याला हट्ट वाटतो. 18 जानेवारी 1982 ला अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले, तेव्हा हे कुणालाच माहीत नव्हतं. पगारवाढ हवीच होती. पण 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याच्या जोरावर एकच मान्यताप्राप्त संघटना त्यांच्या वतीनं बोलायची, ती त्यांना नको होती. आपला माणूस आपण निवडू, हे त्यांचं म्हणणं होतं आणि ते न्यायाचं होतं. शिवाय तो संप रीतसर मागं घेतलाच गेला नाही. अण्णांसारख्या माणसाला 'संपलं आता, चला कामावर' असं कुणी कधी सांगितलंच नाही. मुकादमाबरोबर गेटातून आत जायचं, तर शेजारच्या खोलीतल्या, अजून बाहेर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांदेखत जायचं. त्यांना ते जमलं नाही. मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो आणि तुम्हीही तो लपवू नका.

पण जेवण बंद करायचं नाही हा शब्द अण्णांचा होता, पीठ आईचं होतं आणि मनगट आक्कांचं. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायांचे कष्ट दिसणारी माणसं तेव्हाही होती. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायांसाठी, सावकाराऐवजी त्यांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. तरी घरोघरच्या आठवणींत संप म्हटला की गेटवरचा बाप उभा राहतो. स्टोव्हपाशी बसलेली पंधरा वर्षांची मुलगी त्या चित्रात नसते.

माझे वडील शिक्षक होते. ते गेल्यावर शोकसभेत मी सांगितलं की त्यांच्या दारातून कुणी चहा घेतल्याशिवाय गेलं नाही. घरी आल्यावर आई एवढंच म्हणाली, "करत मी होते." रागानं नाही, अगदी सहज. वडिलांबद्दल बोलायची वेळ आली की आजही मला ते वाक्य आधी ऐकू येतं.

तेव्हा लेख जरूर लिहा. मुकादमाला अण्णांनी दारातून परत पाठवलं ते लिहा, आणि त्याच परिच्छेदात आक्कांचं दप्तर कुठल्या दिवशी फळीवर गेलं तेही लिहा. 'घरच्यांनी साथ दिली' हे वाक्य मात्र नको. साथ द्यायची का, असं आक्कांना कुणी विचारलं नव्हतं.

आता तुमच्या पत्रातली शेवटची ओळ. बिनतक्रार सही दिली, साधी आहे, असं तुम्ही किती सहज लिहून गेलात. नववीतून उठल्या तेव्हाही त्या बिनतक्रारच उठल्या असतील. भाऊ, हे मला खटकलं आणि ते तुम्हाला स्पष्ट सांगायला हवं. अण्णांच्या नोकरीवर मिळणारं घर त्यांच्या दोन्ही लेकरांचं. वडिलांच्या मिळकतीत मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो, कायद्यानंसुद्धा. लॉटरीत घर लागलं तर आक्कांचं त्यात काय, हे वकिलाकडं जाऊन आत्ताच कागदावर आणा. 'आमच्यात असलं काही नसतं' म्हणून टाळू नका. ज्यांच्यात नसतं तिथं बहुतेकदा बहीणच गप्प असते. हे लेख लिहायच्या आधी करा आणि लेखात त्याचा एक शब्दही आणू नका.

आणि आक्कांकडं जा. वर्षश्राद्धाच्या गर्दीत नको, त्याआधी एखाद्या रविवारी दुपारी. एकटे जा, वही-पेन नेऊ नका. त्या शाळेबद्दल, आईबद्दल, अण्णांबद्दल जे बोलतील ते ऐका. मध्येच 'पण अण्णांचाही नाइलाज होता' असं म्हणू नका; तो नाइलाज त्यांनी तुमच्यापेक्षा जवळून पाहिला आहे. कदाचित त्या काहीच बोलणार नाहीत, चहा करतील. तरी पुन्हा जा.

ताटाचं तेवढं विचारा. अण्णा फक्त त्यांच्याच घरी आपलं ताट का घासायचे, याचा अंदाज मी इथून बांधणार नाही, तुम्हीही बांधून लेखात घालू नका. आक्का मोरीपाशी उभ्या राहून ते बघत होत्या. त्यांना विचारा, आणि त्या सांगेपर्यंत थांबा.

तुमची,
मावशी