एमएसडब्ल्यू झालंय. नाशिकमध्ये स्मृतिभ्रंश झालेल्या ज्येष्ठांसाठी काम करायचंय, सुरुवात कुठून करू?

आधी वॉर्डातल्या आशाताईंबरोबर फिरा. त्या घरोघरी भरून घेतात त्या सीबॅक या आरोग्य-चौकशीच्या फॉर्ममध्ये साठीपुढच्यांसाठी एक प्रश्न असतो: जवळच्यांची नावं किंवा घरचा पत्ता विसरता का? पंचवटीतल्या एखाद्या घरात तो विचारून बघा, आजोबांच्या आधी सूनच म्हणेल, "वय झालंय हो आता." खरं काम इथून सुरू. थायरॉइड, बी१२ची कमतरता, नैराश्य यांनीही विसरायला होतं आणि उपचारांनी ते सुधारू शकतं, म्हणून तपासणीसाठी घरच्यांना राजी करा. आजोबा एकटेच गोदाघाटाकडे निघून जात असतील तर सदऱ्याच्या खिशावर आतून फोन नंबर शिवून घ्यायला सांगा. आणि सुनेलाही विचारा, रात्री झोप होते का! ती थकली असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर द्या, फुकट आहे. पदव्यांचं नंतर बघू.