एमआरआय झोपवून आणि रेडिएशन बसवून, मग डोळ्यातली गाठ हलत नाही का?

रास्त शंका आहे. डोळ्यातल्या मेलानोमाला (एक प्रकारचा कॅन्सर) प्रोटॉन रेडिएशन, म्हणजे प्रोटॉन कणांचा झोत, बहुतेक ठिकाणी खुर्चीत बसवून देतात आणि एमआरआय मात्र आडवं झोपवून काढतात. पण डोळ्याचा गोळा जेमतेम 24 मिमीचा, आतून पाण्याने भरलेला आणि ताठ, त्यामुळे उठबस केल्याने त्याचा आकार फारसा बदलत नाही. खरा फरक पडतो नजरेचा, कारण डोळा फिरला की गाठ पण त्याच्यासोबत फिरते, म्हणून मास्क लावून, दातात ब्लॉक धरायला देऊन एका बारीक लाइटकडे बघायला लावतात आणि ऑपरेशन करून बुबुळामागे पांढऱ्या भागावर शिवलेल्या टँटलम धातूच्या क्लिपा एक्सरेत बघून जागा जुळवतात. डोळ्याचा पडदा (रेटिना) सुटून त्याच्याखाली पाणी साठलं असेल तर ते मात्र बसल्यावर सरकू शकतं, तेवढं डॉक्टरांना नक्की विचारा.