लाकडामुळे तांबूस झालेले टाकीचे पाणी

माशांच्या टाकीत शोभेचे लाकूड ठेवल्यावर पाणी कोऱ्या चहासारखे दिसू लागले तरी घाबरू नये. तो रंग लाकडातून झिरपणाऱ्या टॅनिन या नैसर्गिक द्रव्याचा असून माशांना त्याचा सहसा अपाय होत नाही, आणि मला तर तो आवडतोही. तो नकोच असेल, तर लाकूड बाहेर काढून मोठ्या पातेल्यात दोन-तीन तास उकळावे, गडद पाणी फेकून नवे घ्यावे आणि पाणी जवळजवळ नितळ राहीपर्यंत हा क्रम चालू ठेवावा. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नसल्याने पिंपात साठवलेल्या पाण्यातील क्लोरीन घालवून आठवड्याला टाकीतील चौथा हिस्सा पाणी बदलणे सोयीचे पडते. उरलेला रंग फिल्टरमधील सक्रिय कोळसा शोषून घेतो. मात्र तो महिन्याभराने बदलावा. पाणी नितळ करण्यासाठी तुरटी अजिबात टाकू नये.