‘दादा, टोन पाठवा ना’ : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : नमस्कार. आम्ही सात-आठ जण ऑर्केस्ट्रात नि भजनात कीबोर्ड वाजवतो. आधी कीबोर्डमध्ये पेनड्राइव्हवरून टोन म्हणजे वाद्यांचे आवाज भरायचो, आता लॅपटॉपवर सॅम्पलर चालवतो, म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाज (सॅम्पल) पट्ट्यांवर वाजवणारं सॉफ्टवेअर, जास्त करून कॉन्टॅक्ट नावाचं. व्हॉट्सॲप ग्रुपवर चारेकशे लोक झालेत आणि रोज तेच तेच येतं, ‘सॅम्पल मिसिंग दाखवतंय’, ‘पंधरा मिनिटांनी आवाज जातोय’ आणि सगळ्यात जास्त ‘दादा, टोन पाठवा ना’. म्हणून वेबसाइट काढायचं ठरवलंय. एकाने लॉगिन, ॲप, डाउनलोड सगळं धरून चाळीस हजार सांगितलेत. द्यावेत का? आणि सुरुवात कुठून करावी?
– कीबोर्डवाला, सांगली

उत्तर : साइट काढा, पैसे देऊ नका. निदान आत्ता तरी नको. तुमच्या पत्रातच साइटची पहिली दोन पानं तयार आहेत आणि तिसरं, ‘टोन पाठवा ना’, हे संकट आहे, त्याबद्दल पुढच्या पत्रात बोलू.

आधी ती दोन पानं. पंधरा मिनिटांनी आवाज जातो कारण तो माणूस कॉन्टॅक्टचा फुकटवाला प्लेअर वापरतोय आणि त्यात अशी लायब्ररी (आवाजांचा तयार संच) उघडतोय जिच्याकडे प्लेअरचं लायसन नाही, मग ती डेमो म्हणून पंधरा मिनिटं चालते आणि गप्प होते. लॅपटॉप बिघडलेला नसतो, केबल चांगली असते, पण कार्यक्रमात ऐन गौळणीला आवाज गेला की माणूस आधी साउंडवाल्यालाच शिव्या घालतो. आणि सॅम्पल मिसिंग का, तर कॉन्टॅक्टची एनकेआय फाइल म्हणजे बहुतेक वेळा नुसता नकाशा असतो, कुठल्या पट्टीला कुठला आवाज एवढंच त्यात लिहिलेलं, खरे आवाज शेजारच्या फोल्डरमध्ये. कोणीतरी व्हॉट्सॲपवर नुसती एनकेआय पाठवतो, किंवा फोल्डर डी ड्राइव्हवरून दुसरीकडे हलवतो, मग नकाशा आहे नि गावच नाही अशी गत. फोल्डर परत दाखवून द्यायचा आणि पुन्हा सेव्ह करायचं, झालं. आणखी एक अडचण लोकांच्या लक्षातच येत नाही, नव्या व्हर्जनमध्ये सेव्ह केलेली फाइल जुन्या व्हर्जनमध्ये उघडत नाही. म्हणून प्रत्येक उत्तरात व्हर्जन आणि विंडोज का मॅक हे लिहायचंच, नाहीतर ते उत्तर दोन वर्षांनी कोणालातरी गोत्यात आणतं.

अशी तीसेक उत्तरं आधी साध्या फाइलमध्ये लिहून काढा. ग्रुपमध्ये चॅट मागे मागे सरकवत बसा, कंटाळा येईल पण खरा माल तिथेच पुरलेला आहे. तीस झाली तर साइट काढा, दहावरच दम लागला तर चाळीस हजार वाचले असं समजा.

पानाचं नाव लोक विचारतात त्याच शब्दांत द्या. ‘डेमो मोडविषयी माहिती’ असं कोणी शोधत नाही, ‘पंधरा मिनिटांनी आवाज बंद’ असंच शोधतात. आणि एक आपल्या मराठीचं खास दुखणं सांगतो. ‘ॲटॅक’ (पट्टी दाबल्यावर आवाज किती चटकन उठतो ते) हा शब्द घ्या, सॅम्पलरमध्ये तो पदोपदी लागतो. त्यातला पहिला ॲ कोणी एकाच अक्षराने टाइप करतो, कोणी अ वर चंद्र चढवतो, कोणी हिंदी कीबोर्डवरचा ऍ वापरतो. डोळ्याला सारखंच, कॉम्प्युटरला तीन वेगळे शब्द, आणि सर्च म्हणतं काही सापडलं नाही. त्यामुळे एकच पद्धत ठरवा आणि पानाच्या तळाशी बाकीची रूपं आणि इंग्रजी स्पेलिंगही टाकून ठेवा. जुन्या श्रीलिपी वगैरे फॉन्टातला मजकूर तर तसाच चिकटवूच नका, सगळा कचरा दिसतो.

साइटचं सॉफ्टवेअर म्हणाल तर डोकुविकी बघा, त्यात सगळ्यांना मिळून पानं लिहिता येतात. फुकट आहे, २००४ पासून चालू आहे, आणि त्याला डेटाबेस लागत नाही, प्रत्येक पान ही साधी टेक्स्ट फाइल. म्हणजे बॅकअप घ्यायचा तर फोल्डर उचलून पेनड्राइव्हवर टाकला, संपलं. ॲप कशाला हवंय मला कळलं नाही.

साइटच्या नावात कंपनीचं नाव घालू नका. एक तर ट्रेडमार्क आहे, कंपनीने तक्रार केली तर डोमेन हातचं जाऊ शकतं, डॉट इन घेतलंत तरी त्याच्या वादांसाठी वेगळी व्यवस्था आहेच. आणि दुसरं कारण मला जास्त मोठं वाटतं. १९९८ मध्ये गिगासॅम्पलर नावाचं सॉफ्टवेअर आलं, त्याने आवाज रॅममध्ये सगळा न भरता हार्ड डिस्कवरून वाजता वाजता ओढायची युक्ती आणली, आणि एवढ्याशा रॅमवर मोठमोठे पियानो वाजायला लागले. लोक वेडे झाले होते त्याच्यासाठी. पुढे ते गिगास्टुडिओ झालं, टॅस्कॅम कंपनीकडे गेलं, आणि २००८ मध्ये बंद. लोकांच्या घरी मोलाच्या लायब्ररी आणि वाजवणारं सॉफ्टवेअरच नाही. तेव्हा उपयोगी पडलं ते वापरणाऱ्यांनीच लिहून ठेवलेलं, त्या फाइल दुसरीकडे कशा उघडायच्या, लिनक्ससॅम्पलर हा दुसरा सॅम्पलर त्या कशा वाचतो वगैरे. ॲपलच्या लॉजिक या गाणी करायच्या सॉफ्टवेअरमधला ईएक्सएस२४ हा सॅम्पलर सुद्धा २०२० मध्ये नुसता ‘सॅम्पलर’ झाला. सॉफ्टवेअरचं नाव घालून साइट काढली की त्याच्याबरोबर तुमची पाटीही जुनी होते. सॅम्पलर या कामाचं नाव ठेवा, किंवा सरळ मराठी काहीतरी.

आणि डोमेन कोणाच्या ईमेलवर घेताय ते बघा. आम्ही मित्र मिळून अशीच एक साइट चालवायचो, डोमेन एकाच्या ऑफिसच्या ईमेलवर होतं, त्याने नोकरी बदलली, रिन्यूची मेलं कोणी न उघडणाऱ्या इनबॉक्समध्ये जात राहिली आणि एक दिवस साइटच्या जागी जाहिराती. साइटींच्या जुन्या प्रती जपणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमधून मजकूर बराच मिळाला, पण जोडलेल्या फाइल बहुतेक गेल्या. चार वर्षांचं काम होतं. तेव्हा साइटसाठी वेगळा ईमेल काढा, पासवर्ड निदान तिघांकडे असू दे, आणि त्यातला एक जण दुसऱ्या गावचा असू दे, कारण एका गावातले तिघे एकदमच भांडतात.

प्रश्न : वरच्यासारखाच आमचाही ग्रुप आहे. आम्ही टोन फुकट वाटतो, एक रुपया घेत नाही. मग साइटवर डाउनलोडला ठेवले तर कायद्याचा प्रश्न येतो का?
– ऑक्टोपॅड आणि कीज, नाशिक

उत्तर : येतो. फुकट वाटलं म्हणजे आपलं झालं असं नाही. विकतची लायब्ररी घेतली की आपण वाजवायची परवानगी घेतलेली असते, त्यातून गाणं करा, कार्यक्रम करा, पण ते आवाज सुटे काढून दुसऱ्याला द्यायचे नाहीत असं बहुतेक सगळ्यांच्याच लायसनमध्ये लिहिलेलं असतं. आणि आपल्याकडे पेनड्राइव्हवरून फिरणारे ‘इंडियन टोन’ हा तर वेगळाच प्रकार, कुठून आले कोणालाच ठाऊक नाही, निम्मे कोणाच्या तरी लायब्ररीतून काढलेले, काही गाण्यातूनच कापलेले. ग्रुपमध्ये ते चाललं, पण साइटवर ते तुमच्या नावाने सगळ्या जगाला दिसणार. कॉपीराइट रुल्स २०१३ प्रमाणे मालकाची रीतसर लेखी तक्रार आली की साइटवाल्याने ३६ तासांत ती लिंक बंद करायची असते, आणि तुमचा ॲडमिन त्या दिवशी चौकात ऑक्टोपॅड वाजवत असणार!

ठेवायचं तर स्वतः रेकॉर्ड केलेलं ठेवा. हे काही लहान काम नाही, उलट हीच मजा आहे. बार्सिलोनाच्या पॉम्पेउ फाब्रा विद्यापीठातून २००५ पासून फ्रीसाउंड ही आवाजांची साइट चालते, तिथे प्रत्येक आवाजाला क्रिएटिव्ह कॉमन्सचं लायसन चिकटवलेलं असतं, हा कसाही वापरा, हा नाव देऊन वापरा, हा धंद्यासाठी नको. पियानोबुक म्हणून साइट आहे, ख्रिश्चन हेन्सन या संगीतकाराने सुरू केलेली, तिथे लोक घरातला पियानो, वाजणारा डबा, काहीही सॅम्पल करून टाकतात नि बाकीचे वाजवतात. आता बघा, संबळ, हलगी, दिमडी, तुणतुणं यांचे नीट, चार-पाच ताकदीने वाजवलेले, एकाच बोलाचे वेगवेगळे घाव असलेले सॅम्पल तुम्ही स्वतः किती वेळा शोधलेत? ते बाहेरचा कोण करणार?

फक्त एक सांभाळा. संबळ वाजवणारा गोंधळी समोर बसवून रेकॉर्ड केलं तर त्यालाही हक्क आहे, कॉपीराइट कायद्यात वाजवणाऱ्याचा हक्क वेगळा मानलाय आणि तो पन्नास वर्षं टिकतो. त्याला आधी सांगा हे कुठे जाणार, कागदावर दोन ओळी लिहून सही घ्या, पानावर त्याचं नाव टाका, त्याला चालत असेल तर. आणि मानधन द्या हो. चहावर भागवू नका.

प्रश्न : आमच्याकडे आजोबांची पेटी आहे, साडेतीन सप्तकांची. ती सॅम्पल करून सगळ्यांना द्यायची आहे. फाइल किती मोठी होईल आणि कुठल्या फॉरमॅटमध्ये?
– पेटीवाली, मिरज

उत्तर : वा. साडेतीन सप्तकं म्हणजे ४२ पट्ट्या. प्रत्येकी ८ सेकंद, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टीरिओ धरलं तर साधारण ९७ एमबी होतात. पेटीतला खर्ज म्हणजे खालच्या सुरांचा संच वेगळा, नर म्हणजे त्याच्या वरचा वेगळा, दोन्ही मिळून वेगळं असं तीनदा केलंत तर २९० एमबी. फ्लॅक या आवाज न बिघडवता फाइल लहान करणाऱ्या फॉरमॅटमध्ये केलं की बरंच कमी होतं आणि आवाजात काही फरक पडत नाही.

फॉरमॅट एसएफझेड घ्या. ती नुसती टेक्स्ट फाइल असते, नोटपॅडमध्ये उघडते, ही वेव्ह फाइल या पट्टीपासून त्या पट्टीपर्यंत असं लिहिलेलं. वाजवायला प्लोग कंपनीचा स्फोर्झांडो हा प्लेअर फुकट मिळतो. उद्या सगळी सॉफ्टवेअर बदलली तरी ती फाइल माणसाला वाचता येईल. कॉन्टॅक्टवाल्यांसाठी वाटलं तर वेगळी करा.

पट्टीचा नंबर मात्र मिडीच्या (वाद्यं आणि कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात त्या भाषेच्या) आकड्यात लिहा, मधला सी म्हणजे ६०. कारण त्याच सुराला कोणी सी३ म्हणतं कोणी सी४, आणि मग अख्खी पेटी एक सप्तक वर-खाली होते, आणि लोक म्हणतात सॅम्पल चुकलेत. फाइलींची नावं सगळी छोट्या इंग्रजी अक्षरांत, मध्ये स्पेस नाही. विंडोजला लहान-मोठ्या अक्षरांचं काही नसतं, लिनक्सला असतं, तुमच्याकडे वाजेल नि दुसऱ्याकडे मुकं राहील.

भाता एकसारखा ठेवणं हे खरं कष्टाचं काम, त्यासाठी दुसरा माणूस बसवा, एकाने नुसता भाता मारायचा. पंखा बंद, फ्रिज बंद. दोन सूर एकदम वाजतात तेव्हा ते जरासे इकडेतिकडे असतात म्हणून लहर ऐकू येते ना, लूप (सूर लांबवायला परत परत वाजणारा तुकडा) त्या लहरीच्या पूर्ण फेऱ्यावरच कापा, नाहीतर दर दोन सेकंदांनी उचकी लागते. आणि जुन्या पेटीचा सूर ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुराला नसेलच, तर ती ट्यून करत बसू नका. मूळ आहे तशी रेकॉर्ड करा, किती उतरलेली आहे ते लिहा, सुधारलेली दुसरी आवृत्ती वेगळी ठेवा. पट्टी सुटताना खट्ट होतं तेही घ्या, पेटीचा जीव त्यात असतो.

प्रश्न : क्रॅक म्हणजे विकतच्या सॉफ्टवेअरची कुलूप तोडलेली चोरटी प्रत मागणाऱ्यांचं काय करायचं? नाही म्हटलं की ‘मोठे झालात’ म्हणतात.
– ॲडमिन, कोल्हापूर

उत्तर : मागणी काढून टाका, माणसाला काढू नका. त्याला एवढंच कळवा की कॉन्टॅक्टचा प्लेअर फुकट आहे, स्फोर्झांडो फुकट आहे, डिसेंट सॅम्पलर नावाचा आणखी एक सॅम्पलर फुकट आहे, आणि मिरजेहून एक पेटी येतेय.